सव्वा तास, म्हणे

नागपूर ते पुणे किती लांब, असं आमच्याकडे विचारलं तर किलोमीटर कोणी सांगत नाही. 'एक रात्र' सांगतात. रात्रीचं जेवण घरी उरकायचं, स्टेशन गाठायचं, बर्थवर आडवं व्हायचं आणि दौंड आलं की तोंड धुवायचं. ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यांचंही तेच. संध्याकाळी डबा घेऊन वाडीच्या आसपास उभं राहायचं, पडदा ओढून झोपायचं आणि सकाळी वाघोलीच्या गर्दीत डोळे चोळत उतरायचं. शिकायला गेलेली मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली, मोठ्या डॉक्टरला दाखवायला नेलेले म्हातारे, सगळ्यांचा हिशेब या एका रात्रीवर चालायचा. एक रात्र म्हणजे फार लांब नाही, पण उठलं आणि गेलं म्हणण्याइतकं जवळही नाही.

आता दोन विमानतळांची नावं टाकली की फोन क्षणात सांगतो: अंतर ६०५ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ साधारण सव्वा तास. मुलगी हिंजवडीत नोकरीला लागली तेव्हा घरात सगळ्यांनी हा आकडा आळीपाळीने पाहिला. नवऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवला, जणू बदली पुण्याला नाही, बुटीबोरीला झाली आहे. सासूबाईंनी मात्र एका वाक्यात त्याची वासलात लावली. "सव्वा तासात तर मी महालातून कामठीलाही नाही पोचत." महाल म्हणजे आमची जुन्या नागपुरातली वस्ती, कामठी शेजारचं गाव.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे असे आकडे मला गप्प बसू देत नाहीत. तेव्हापासून मी या ६०५ च्या आणि त्या सव्वा तासाच्या मागे लागले आहे. माझं मत सांगायचं तर यातला पहिला आकडा अगदी खरा माणूस आहे. दुसऱ्यावर विसंबून कोणी पोहे टाकू नयेत.

आधी खऱ्या माणसाबद्दल. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला बिंदू असतो, साधारण धावपट्ट्यांच्या मध्याजवळचा, आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात. सोनेगावचा आपला विमानतळ साधारण २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व. पुण्याचं लोहगाव १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. या दोन बिंदूंमधलं पृथ्वीच्या गोल पाठीवरचं सगळ्यात कमी अंतर काढायचं. चेंडूवर दोन ठिपके काढून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला की तो ज्या वाटेने बसतो, ती ही वाट. नकाशाच्या सपाट कागदावर ती किंचित वाकडी दिसते. नागपूर-पुण्यासाठी हा वाकडेपणा नगण्य आहे, नागपूर-न्यूयॉर्कसाठी प्रचंड. वैमानिक किलोमीटरही वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. त्या मापात पुणं ३२६ मैलांवर येतं. दोन वेबसाइटींच्या आकड्यांत एखाद-दुसऱ्या किलोमीटरचा फरक दिसला तर घाबरू नये. एकीने पृथ्वी पूर्ण गोल धरलेली असते आणि दुसरीने ध्रुवांपाशी जराशी चपटी.

पृथ्वी नक्की किती चपटी हे कळण्यासाठी ज्यांनी जन्म घालवला त्यांतला एक आमच्याच भागात मातीत आहे. विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासहून त्याने त्रिकोणमितीने मोजणी सुरू केली आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, ओढत, टेकडी ते टेकडी त्रिकोण जोडत, वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला. नागपूर गाठायला सत्तर-पाऊणशे किलोमीटर उरले असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला तो गेला. त्याची कबर तिथे आहे. हैदराबाद रोडने जाणारे आपण हिंगणघाटला चहासाठी थांबतो आणि पुढे निघतो. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने उचललं, आणि त्याचं नाव थेट शिखराला लागलं. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाट आलं.

याच सर्वेक्षणाचा आमच्याकडचा वारसा म्हणजे झिरो माइल. मुलांना दरवर्षी तिथे नेणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्या दगडावर १९०७ साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, १०२० फुटांच्या जरा वर. हा भारताचा मध्यबिंदू, असं मुलांना घरूनच शिकवून पाठवलेलं असतं. फाळणीआधीच्या भारताचा म्हणा, मी सांगते, आणि तेही सगळ्यांना मान्य नाही. पण मला तिथली दुसरी गोष्ट जास्त आवडते. खांबावर गावांची नावं आणि मैल कोरले आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, रायपूर १७४, चांदा १२५, सिवनी ७९, छिंदवाडा ८३. एकदा एका मुलाने खांबाला पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "मॅडम, पुणं काहून नाही याच्यावर?"

नाही. पुणं नाही आणि मुंबईही नाही. १९०७ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. त्याचं जाणं-येणं जबलपूर, रायपूर, बैतूल या बाजूंना होतं. कोर्टकचेरी, नोकऱ्या, सोयरीक सगळं तिकडेच. १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि ज्या शहरांचा मैल दगडावर कोरायची गरज वाटली नव्हती ती एकदम आमची राजधानी आणि विद्येचं माहेरघर झाली. राजधानीपण गेलं त्याच्या बदल्यात वर्षातून एक हिवाळी अधिवेशन मिळालं. ते भरलं की मुंबई-नागपूर विमानाच्या तिकिटांना काय भाव येतो हे डिसेंबरात लग्न काढलेल्या घरांना विचारा.

तर पुण्याची दिशा आमच्यासाठी तशी नवीच आहे, आणि हे रुळांवरही दिसतं. विमानाने ६०५ किलोमीटर असलेलं पुणं रेल्वेने ८८१ किलोमीटर आहे. ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून पुण्याला वंदे भारत सुटते, तिलाही बारा तास लागतात. मधले पावणेतीनशे किलोमीटर कुठे जातात? भुसावळला. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली ती भुसावळहून फाटा काढून, वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरात न्यायला. पुण्याला कोणाला जायचं नव्हतं, निदान कापसाला तरी नव्हतं. म्हणून आजही हिंजवडीच्या कंपनीत रुजू व्हायला निघालेला मुलगा आधी सरळ पश्चिमेला भुसावळ गाठतो, मग मनमाडला वळतो, कोपरगाव, अहिल्यानगर, दौंड करत खाली उतरतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कापसाच्या गाठींनी आखलेल्या वाटेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असतो.

विमानाच्या रेषेला कापसाचं काही देणंघेणं नाही. एका रविवारी मी शाळेतला मोठा नकाशा घरी आणून ती रेषा पट्टीने ओढली. सोनेगावहून निघालं की ती वर्ध्याच्या जरा वरून जाते, वाशीम जवळजवळ डोक्यावर घेते, पुढे गोदावरी ओलांडते आणि अहिल्यानगरच्या खालच्या अंगाने लोहगावला टेकते. तिचा बरोबर मध्य कुठे येतो ते काढलं आणि हातातली पट्टी ठेवून हसले. लोणार! विवराच्या दक्षिणेला पंधरा-एक किलोमीटरवर. नागपूर आणि पुणे यांच्या ऐन मध्यावर बसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेला पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे, हे मला आवडलं. पुण्याला जाताना उजव्या खिडकीशी बसा, आकाश स्वच्छ असू द्या आणि वैमानिकाला हवाई मार्गाने फार लांब वळसा घ्यायला लावला नसेल तर लोणार दिसायला हवं. मुलीला हे सांगितलं. तिने खिडकीची सीट घ्यायला जादा पैसे पडतात एवढंच सांगितलं.

आता सव्वा तासाकडे वळते. हा आकडा कसा काढतात ते कळल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला, विश्वासही गेला. अंतराला ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घालायचा. झालं. त्यात वारा नाही, धावपट्टीची दिशा नाही, ऋतू नाही, पुण्याच्या आकाशातली गर्दी नाही.

आपली धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. पुणं आहे नैर्ऋत्येला. म्हणजे कुठल्याही बाजूने उडालं तरी पुण्याकडे तोंड नसतंच, आधी वळावं लागतं. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम, आणि ती हवाई दलाची. तिथे प्रवासी विमानांनी पाहुण्यासारखं यायचं, जायचं. पाऊस लागला की पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन उतरायचं. मग वाऱ्याचा प्रश्न. हिवाळ्यात या उंचीवर वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणजे पुण्याला जाताना समोरून आणि परत येताना पाठीमागून. पावसाळ्यात वरचे वारे फिरतात आणि पूर्वेकडून येऊ लागतात. त्यामुळे डिसेंबरात माहेरी येणारी मुलगी चार मिनिटं लवकर येते आणि जुलैत चार मिनिटं उशिरा, असा एक गोड सिद्धान्त मी वर्गात मांडते. प्रत्यक्षात ही चार मिनिटं सामानाच्या पट्ट्यापाशीच विरघळून जातात.

आणि गंमत अशी की ज्या आठशेच्या वेगाचा एवढा डौल, तो या मार्गावर मिळतो किती वेळ? तेहतीस हजार फुटांवरून खाली यायला विमानाला साधारण १८५ किलोमीटर लागतात, चढायलाही जवळपास तेवढेच. ६०५ मधून हे वजा करा. उरतात सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. वाशीमच्या आसपास विमान सरळ होतं, हवाई सुंदरी ट्रॉली घेऊन निघते, लोणार येतं आणि जातं, आणि गोदावरीच्या वर कुठेतरी ते उतरायला लागतं. म्हणून या विमानात सँडविच अर्ध्यावर असताना कुर्सीची पाठ सरळ करायला सांगतात. बिचाऱ्या पोरींना पाण्याची बाटली वाटायलाही वेळ पुरत नाही, आणि आपण त्यांच्याकडे तोंड वाकडं करून बघतो.

तिकिटावरचा वेळ हा आणखी तिसराच प्रकार. नागपूर-पुणे तिकिटावर बहुतेकदा सव्वा तासापेक्षा जास्तच लिहिलेला असतो. विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि पुण्यात जागेवर थांबलं की संपतो. मधलं धावपट्टीपर्यंत जमिनीवर रांगणं, रांगेत थांबणं, वर घिरट्या घालणं हे सगळं त्यात धरलेलं असतं, आणि वर थोडं सैल सोडलेलं असतं. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर जगभर ते वेळेवर पोचलं असंच धरतात. म्हणून तासभर उशिरा निघालेलं विमानही कधीकधी चाळीसच मिनिटं उशिरा पोचतं आणि वैमानिक अभिमानाने सांगतो की आम्ही वेळ भरून काढला. भरून काढलेला वेळ आधीच शिवणीत दाबून ठेवलेला होता, एवढंच.

साठच्या दशकात आपल्याकडे कॅरावेल जेट आली. तेव्हापासून प्रवासी विमानाचा आकाशातला वेग जवळजवळ वाढलेला नाही. आठशे-साडेआठशेच्या घरात तो तसाच आहे. बैलगाडीपासून जेटपर्यंत आपण एका शतकाच्या आत आलो आणि मग साठ वर्षं तिथेच थांबलो. वाढलं ते जमिनीवरचं.

कारण खरा प्रवास दारापासून दारापर्यंत. महालातून सोनेगाव, वर्धा रोडची गर्दी धरून पाऊण तास. मेट्रो आहे, एअरपोर्ट नावाचं स्टेशनही आहे, पण ते वर्धा रोडवर आणि टर्मिनल आत. बॅगा आणि सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी घेऊन ते अंतर चालायचं धाडस मी तरी करणार नाही. मग दोन तास आधी या, ही विमान कंपनीची आज्ञा. मग तिकिटावरचा दीडएक तास. मग सामान. मग लोहगाव ते हिंजवडी, ज्याला शुक्रवारी संध्याकाळी किती वेळ लागेल हे पुण्यातला कोणीही शपथेवर सांगणार नाही, दीड तास धरू. सगळं मिळून सहा तास. ६०५ भागिले सहा. ताशी शंभर किलोमीटर! समृद्धी महामार्गावर कारला वेगमर्यादा १२० ची आहे. म्हणजे दारापासून दारापर्यंत विमान समृद्धीवरच्या आज्ञाधारक कारपेक्षाही हळू जातं. हे मी नवऱ्याला सांगितल्यावर त्याने लगेच कारने जायचा बेत काढला. समृद्धी पुण्याला जात नाही, ती सोडून खाली उतरावं लागतं आणि पुढचा रस्ता तुझ्या हिशेबाने चालत नाही, हे समजावण्यात ती संध्याकाळ गेली. विमानाने अर्धा वेळ वाचतो, हे खरंच. फक्त प्रवास सव्वा तासाचा नाही.

हा हिशेब आमच्या शेजारच्या काकांना दाखवला. ते टपाल खात्यातून निवृत्त, पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांनी आकड्यांकडे फार लक्ष दिलं नाही. म्हणाले, "दिल्लीचं किती येते? मद्रासचं? कलकत्त्याचं?"

मी काढून दिलं. नागपूरहून विमानाच्या रेषेत दिल्ली साधारण ८५३ किलोमीटर, चेन्नई ९०५, कोलकाता ९८५, मुंबई ६८३. काका खूश झाले. "म्हणूनच तर इथं उतरत होती न सगळी."

१९४९ च्या जानेवारीत रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून टपालाच्या पिशव्या घेऊन एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही विमानं सोनेगावला एकत्र यायची. पिशव्यांची अदलाबदल व्हायची, चारही आपापल्या वाटेने निघून जायची आणि सकाळी टपाल वाटपाला तयार. मद्रासला संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत. सुरुवातीला डाकोटा विमानं होती, पुढे मोठी स्कायमास्टर आली. डाकोटाचा वेग ताशी पावणेतीनशेच्या आसपास. त्या वेगाने मुंबईहून नागपूरला अडीच तास, दिल्लीहून तीन, मद्रासहून सव्वातीन आणि कलकत्त्याहून साडेतीनच्या पुढे. म्हणजे कलकत्त्याच्या विमानाने मुंबईच्या विमानाआधी चांगला तासभर निघायचं, तेव्हा कुठे चौघांची गाठ. वर एकमेकांशी बोलत, पावसात, रडारशिवाय. दर वेळी ती पडलीच असं नाही. डिसेंबर १९५३ मध्ये इथून निघालेलं टपालाचं एक डाकोटा उडताच कोसळलं. पण योजना चालू राहिली, थेट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. पुढे मोठ्या शहरांमध्ये थेट जेट विमानं उडू लागली, मध्ये उतरायचं कारण उरलं नाही.

काका तेव्हा तरुण होते. थंडीच्या रात्री सोनेगावच्या उघड्यावर वाहणारा वारा, इंजिनांचा आवाज आणि हातावर मोजून घेतलेल्या पिशव्या, एवढंच ते सांगतात. प्रवासीही असायचे, स्वस्तात रात्रीचा प्रवास करणारे. पेंगत उतरायचे, चहा घ्यायचे आणि दुसऱ्या विमानात बसून जायचे. "अख्खा देश रात्री दोन वाजता नागपुरात चहा पिऊन राहिला होता," काका म्हणतात. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

मध्यावर असण्याचं आम्हा नागपूरकरांना फार कौतुक. लहानपणापासून ऐकत आलो, देशाच्या मध्यावर आहोत म्हणून इथे हे होणार, ते होणार. विमानतळालगतचा मिहान हा मालवाहतुकीचा आणि उद्योगांचा प्रकल्प त्याच आशेवर उभा राहिला, माल इथे उतरेल आणि इथून चारी दिशांना जाईल म्हणून. काही आलं, विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र आलं, काही कंपन्या आल्या. पण मला हा नकाशा पुढे घेऊन बसलं की वेगळंच दिसतं. मध्यावर असणं म्हणजे सगळ्यांच्या जवळ असणं नव्हे. सगळ्यांपासून सारखंच लांब असणं. दिल्ली, चेन्नई, कोलकाता सगळी साडेआठशे ते हजारमध्ये. एकही आपली नाही. मुंबईकराला पुणं जवळ आहे, दिल्लीकराला चंदीगड जवळ आहे. आम्हाला सगळंच एका उड्डाणावर आणि एका रात्रीवर. अंतर सारखं असण्याचा फायदा फक्त त्याला, ज्याला चौघांना एका जागी भेटवायचं आहे. तसं कोणी पंचवीसेक वर्षं टपालाच्या पिशव्यांना भेटवलं. त्यानंतर माणसांना भेटवायची गरज कोणाला पडली नाही.

आता विमानं वरून जातात. गच्चीवर रात्री पडून राहिलं की दिसतात, दक्षिणेकडून उत्तरेकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे, लुकलुकत. देशातल्या हवाई मार्गांचा मोठा चौक आमच्या डोक्यावर आहे. ते प्रवासी आमच्यापासून अकरा किलोमीटरवर असतात. कामठी त्याहून लांब आहे! पण त्यातलं कोणी खाली येतं ते बहुतेक कोणाची छाती दुखायला लागली तरच. बातमी येते, अमुक विमान वैद्यकीय कारणाने नागपूरला उतरवलं. मग रुग्णवाहिका, दवाखाना, आणि बाकीचे सगळे दोन तासांनी पुढे. मध्यावर असण्याचा तेवढा उपयोग अजून आहे, आणि ज्याचा जीव वाचतो त्याच्यासाठी तो थोडा नाही.

सासूबाईंचं अंतराचं माप आणखी निराळं आहे. त्या रोज दिवेलागणीला नातीला फोन करतात. देवापाशी दिवा लावला की लगेच. "दिवा लावला का गं?" हा पहिला प्रश्न. नात म्हणते, "आजी, इथे अजून ऊन आहे." सासूबाईंना वाटायचं, पोरगी टाळते. शेवटी मी त्यांना हे सांगितलं की पुणं आपल्यापासून रेखांशात पाच अंशांपेक्षा थोडं जास्त पश्चिमेला आहे, दर अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, तर साधारण वीस मिनिटं उशिरा तिथे मावळतो. घड्याळ दोघींचं एकच, ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचं. सूर्याला ते माहीत नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. तेव्हापासून वीस मिनिटं थांबून फोन करतात, हातात जपमाळ घेऊन. घरात आता एक पुण्याची सायंकाळ वेगळी असते, इकडचा स्वयंपाक तिच्यासाठी खोळंबतो.

संध्याकाळच्या विमानाने पुण्याला जाणाऱ्याला तर याहून मौज. आपल्या अक्षांशावर पृथ्वी पूर्वेकडे ताशी साधारण १५७० किलोमीटरने फिरते. विमान पश्चिमेकडे त्याच्या निम्म्या वेगाने पळतं. म्हणून सूर्य मावळतो, पण नेहमीच्या जवळपास निम्म्या गतीने. नारंगी पट्टा खिडकीत बराच वेळ टिकून राहतो. मुलीने एकदा तसा फोटो पाठवला होता, खाली ढग आणि कडेला केशरी रेघ. परत येताना याच्या उलट, रात्र अंगावर धावून येते. नागपूरला उतरताना मिट्ट काळोख झालेला असतो.

दिवाळीला ती विमानाने आली. सुट्टी कमी होती, आणि निघायच्या दिवशी दुपारपर्यंत मीटिंग होती म्हणून दुसरा इलाज नव्हता. जाताना मात्र विमानाचं नाव काढल्यावर सासूबाईंनी वजनकाटा मधोमध आणून ठेवला. विमानात नेता येतं पंधरा किलो, हातात सात. चिवडा, चकल्या, संत्रा बर्फी, मूगवड्या, सरगुंड्या, वर्षाची तिखटाची पिशवी आणि ती लोणच्याची बरणी धरून काटा एकवीसवर गेला आणि कपडे अजून कपाटातच होते. "गाडीत कोण मोजते?" सासूबाई म्हणाल्या. यावर गोलावरचं अंतर काढायच्या हॅवर्साइनच्या सूत्राने उत्तर देता येत नाही. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. साइड अप्पर मिळाला आहे, बडनेऱ्यापर्यंत कोणी बदलून देतं का बघेन म्हणते.